पीक डिस्ट्रिक्टला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर

आपल्याकडच्या कुणालाही नॅशनल पार्क म्हणलं की डोळ्यासमोर गेट, तिकीट, जीप आणि गाईड येतो, आणि मग इंग्लंडमधल्या नॅशनल पार्कला पहिल्यांदा येणारा माणूस स्टेशनवर उतरतो आणि विचारतो की पार्कचं गेट कुठंय. तर गेट नाहीये. तिकीट पण नाही. पीक डिस्ट्रिक्ट साधारण १४४० चौरस किमीचा आहे, त्यात गावं आहेत, शाळा आहेत, दगडाच्या खाणी आहेत, ३५ हजारांच्या वर लोक राहतात, आणि बहुतेक जमीन कुणा ना कुणाची तरी खाजगी आहे. पार्क अथॉरिटीच्या स्वतःच्या मालकीची जमीन अगदी थोडी. म्हणजे तुम्ही दिवसभर चालता ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी मेंढ्यांच्या मधून. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सगळं, नकाशा कसा वाचायचा, गेटचं काय करायचं, कुत्रा बांधायचा की नाही, आपोआप समजत जातं. म्हणून मी हे आधीच सांगून टाकतो.

मी मँचेस्टरला राहतो आणि जमेल तेव्हा रविवारी पीकमधे असतो, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते मुख्यतः ट्रेनने जाणाऱ्या आणि पहिल्यांदा जाणाऱ्या माणसासाठी आहे. इंग्लंडमधे असे १० नॅशनल पार्क आहेत, लेक डिस्ट्रिक्ट जास्त फेमस आहे, पण पहिल्या वेळेला पीकच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो कारण एक तर हा पहिला, १९५१ साली झालेला, आणि दुसरं म्हणजे मँचेस्टर आणि शेफील्डच्या बरोबर मधे असल्यामुळे गाडी नसली तरी काही अडत नाही.

जायचं कसं

मँचेस्टर पिकॅडिली ते शेफील्ड अशी होप व्हॅली लाईन आहे. त्यावर थांबत थांबत जाणारी ट्रेन पकडायची, फास्ट ट्रेन मधल्या छोट्या स्टेशनांवर थांबत नाही हे बघून घ्या. ईडेल हे स्टेशन मँचेस्टरहून साधारण पाऊण तास, शेफील्डहून अर्ध्या तासाच्या आसपास. ट्रेन ढोबळमानाने तासाला एक असते, पण रविवारचं टाईमटेबल वेगळं असतं आणि ट्रॅकचं काम चालू असलं की ट्रेनऐवजी बस सोडतात, म्हणून आदल्या दिवशी रात्री एकदा बघाच, आणि शेवटच्या दोन परतीच्या ट्रेनची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. कागदावर यासाठी की ईडेलच्या दरीत मोबाईलला रेंज फार कमी मिळते. लहान मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, मोठ्यांच्या तिकिटात एक तृतीयांश आणि मुलांच्या तिकिटात ६० टक्के सूट मिळते, दोनतीन ट्रिपमधे कार्डाचे पैसे वसूल होतात.

गाडीने जायचं असेल तर सकाळी ९ च्या आत पोचा. मॅम टॉर हा इथला सगळ्यात गर्दीचा डोंगर, त्याच्या खालचं पार्किंग लहान आहे, चांगल्या हवेच्या शनिवार-रविवारी ते लगेच भरतं, आणि मग लोक रस्त्याच्या कडेला गवतावर गाडी लावून जातात. ते करू नका. दंड होतो हे तर आहेच, पण त्याच अरुंद रस्त्याने अँब्युलन्स, डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या माउंटन रेस्क्यूची गाडी आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जातो. पार्किंग भरलं असेल तर खालच्या कॅसलटन किंवा होप गावात गाडी लावून खालून चालत या.

कधी जायचं

मे आणि जून सगळ्यात छान, दिवस मोठा असतो, जूनमधे साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. ऑगस्टमधे वरच्या पठारांवर हेदर नावाचं बुटकं रानझुडूप फुलतं, सगळा डोंगर जांभळा होतो, ते एकदा तरी बघाच. डिसेंबरमधे चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात जायचं तर सकाळी लवकर निघायचं, वाट छोटी निवडायची आणि हेडटॉर्च सॅकमधे असायलाच हवा. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नाही, त्यात नकाशाची पण बॅटरी जाते.

हवामान बघताना शहराचं हवामान बघू नका. मेट ऑफिसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या साईटवर डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, त्यात पीक डिस्ट्रिक्ट आहे, आणि त्यात पावसापेक्षा वारा किती आणि ढग किती खाली येणार हे बघायचं. खाली गावात टी-शर्टवर फिरत असतात त्याच वेळेला वर माथ्यावर वाऱ्याने कान दुखतात.

काय घालायचं, काय न्यायचं

जीन्स नको. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दर वेळेला ग्रुपमधला कुणीतरी जीन्समधेच येतो. भिजली की जड होते, वाळत नाही आणि मग मांड्या गार पडतात. साधी जिमची ट्रॅकपँट चालेल. बूट ग्रिप असलेले हवेत, घोट्याच्या वर येणारे असले तर चांगलंच, कारण इथे चिखल हा पावसाळ्याचा विषय नाही, बारा महिन्यांचा आहे. वॉटरप्रूफ जॅकेट खरं वॉटरप्रूफ पाहिजे, नुसतं पाणी झटकणारं विंडचीटर नाही. एक जाड स्वेटर किंवा फ्लीस, टोपी आणि हातमोजे जुलैमधे पण सॅकच्या तळाशी पडू द्या, वजन काही नसतं.

खायला घरून न्या. वर काही मिळत नाही, म्हणजे चहाची टपरी वगैरे प्रकारच नाही. पोळीचे रोल, उकडलेली अंडी, चिक्की, आणि थर्मासमधे चहा, याच्यापुढे कॅफेतलं सँडविच काहीच नाही असं माझं मत आहे. पाणी माणशी दीड लिटर तरी घ्या, ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं पण वर कुठेतरी मेंढी मरून पडलेली असू शकते, ते प्यायचं नाही. आणि कचऱ्याचे डबे डोंगरावर नसतात, तेव्हा एक रिकामी पिशवी घेऊन जा, संत्र्याची सालं पण त्यातच, इथल्या थंडीत ती कुजायला खूप वेळ लागतो आणि वाटेवर तशीच दिसत राहतात.

नकाशा आणि खुणा, हे नीट वाचा

ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, ओएल १ म्हणजे उत्तरेचा डार्क पीक, ओएल २४ म्हणजे दक्षिणेचा व्हाईट पीक. वरचा भाग काळपट ग्रिटस्टोन (खरबरीत वाळूचा दगड) आणि पीटच्या (कुजक्या पालापाचोळ्याची काळी ओली माती) पठारांचा, खालचा भाग पांढऱ्या चुनखडीचा, हिरव्या दऱ्यांचा, म्हणून ही नावं. ही चुनखडी ओली झाली की साबणासारखी होते, लाखो पायांनी घासून गुळगुळीत झालेले दगड असतात, पावसात तिथे फार सांभाळून.

नकाशावर हिरव्या तुटक रेषा दिसतात ना, त्या म्हणजे हक्काची वाट. जमीन कुणाची का असेना, त्या रेषेवरून चालायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, शेतकरी अडवू शकत नाही. काळी तुटक रेषा म्हणजे जमिनीवर पायवाट दिसते एवढंच, हक्क असेलच असं नाही. आणि फिकट पिवळा रंग दिलेला भाग म्हणजे मोकळी जमीन, २००० सालच्या कायद्यामुळे तिथे वाट सोडून पण चालता येतं. प्रत्यक्षात खांबांवर छोटे गोल बिल्ले असतात, पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकल पण येणार.

हा हक्क असाच मिळालेला नाहीये. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो माणसं, बरीचशी मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांमधे काम करणारी तरुण पोरं, हेफील्ड गावातून किंडर स्काऊटवर चढली, कारण तो सगळा डोंगर तेव्हा श्रीमंतांच्या ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंद होता आणि राखणदार सोटे घेऊन उभे असायचे. पुढे होता बेनी रॉथमन, वय २० वर्षं. पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे १९४९ साली नॅशनल पार्कचा कायदा आला, १९५१ ला पीक झाला, आणि पेनाईन वे ही ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी ४३० किमीची वाट सुरू झाली ती तारीख पण २४ एप्रिलच, साल १९६५. किंडरच्या चढाला लागलो की मला दर वेळेला त्या पोरांची आठवण येते, सहा दिवस गिरणीत राबून सातव्या दिवशी श्वास घ्यायला यायची.

गेट

याच्यावर वेगळं लिहायलाच हवं. नियम एका वाक्याचा आहे, गेट जसं होतं तसं ठेवायचं. बंद होतं तर आपण गेल्यावर बंद, आणि पूर्ण उघडून दोरीने बांधून ठेवलेलं असेल तर तसंच उघडं, कारण शेतकऱ्याने मेंढ्यांना पाण्याकडे जायला ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट आहे, एप्रिल महिना, आम्ही सहा जण होतो आणि मी पुढे होतो. एक जुनं लाकडी गेट होतं, कडी गंजलेली, लागत नव्हती म्हणून वरून नारिंगी नायलॉनच्या सुतळीचा फास खांबावर अडकवलेला. तो फास काढून आम्ही आत गेलो आणि शेवटच्याने गेट नुसतं ढकलून दिलं, फास परत अडकवला नाही. अर्ध्या तासाने एक शेतकरी क्वाड बाईकवरून मागे आला. ओरडला नाही. बाईक बंद केली आणि म्हणाला की माझ्या २ दिवसांच्या कोकरांच्या आया पलीकडच्या कळपात गेल्यात, आता कुठलं कोकरू कुणाचं हे संध्याकाळपर्यंत शोधत बसावं लागेल. आम्ही परत जाऊन मदत केली, म्हणजे तो सांगेल तिथे हात पसरून उभे राहिलो एवढंच. कोकरू ओरडतं, आई ओरडते, आणि दोघांच्या मधे दगडी भिंत. तो आवाज मी विसरलेलो नाही. तेव्हापासून ग्रुप घेऊन जातो तेव्हा मी सगळ्यात शेवटी चालतो आणि प्रत्येक गेट स्वतः हलवून बघतो.

भिंत ओलांडायला स्टाईल असतात, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या किंवा लाकडाच्या फळ्या, काही ठिकाणी दोन उभे दगड आणि मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट. तिथूनच जा. भिंतीवर दुसरीकडे कुठेही चढू नका, या भिंती सिमेंट न लावता नुसत्या दगडावर दगड रचून केलेल्या आहेत, वरचे दोन दगड निसटले की हळूहळू सगळी ढासळते.

कुत्रा बरोबर असेल तर मोकळ्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै छोट्या पट्ट्याला बांधणं कायद्यानेच सक्तीचं आहे कारण पक्षी जमिनीवर अंडी घालतात, आणि मेंढ्या-गाईंजवळ तर वर्षभर बांधायचा. वासरं असलेल्या गाई दिसल्या तर गाय आणि वासराच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, धावायचं नाही. गाय अंगावर आलीच तर कुत्र्याला सोडून द्या, तो पळून जाईल, तिचा राग त्याच्यावर असतो.

पहिली वाट कुठली करायची

ईडेल स्टेशन, हॉलिन्स क्रॉस, मॅम टॉर, मग त्याच धारेवरून मागे येऊन बॅक टॉर, लूज हिल आणि खाली होप स्टेशन. खातपीत, फोटो काढत ५ ते ६ तास धरा. एका स्टेशनवर उतरायचं आणि दुसऱ्यावरून परत, त्यामुळे वाट फिरून येत नाही.

ईडेलला उतरल्यावर आधी टॉयलेटला जाऊन या, पुढे सोय नाही. मग किंडरच्या डोंगराकडे पाठ करून समोरच्या धारेकडे निघायचं, शेतातून, नो नदीचा छोटा पूल ओलांडून वाट चढायला लागते. चढ सरळ आहे, दम लागतो, पण अवघड काही नाही. वर जी खिंड लागते ती हॉलिन्स क्रॉस. पूर्वी ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा मेलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन याच खिंडीतून पलीकडे होपच्या चर्चला नेत. तिथे पाच मिनिटं बसा. एका बाजूला ईडेलची दरी, भिंतींनी चौकोन पाडलेली, दुसऱ्या बाजूला कॅसलटन, आणि लांब होपच्या सिमेंट कारखान्याची चिमणी, हो ती पण पार्कच्या आतच आहे.

खिंडीतून उजवीकडे मॅम टॉर, ५१७ मीटर, वाटेवर दगडी फरश्या टाकलेल्या आहेत कारण माणसांच्या पायांनी डोंगर झिजत चालला होता. फरश्या सोडून बाजूच्या गवतावरून चालू नका, तिथे गवत धरायला वर्षं जातात. माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याचे मातीचे तट अजून दिसतात. या डोंगराचा पूर्वेकडचा कडा सतत घसरतो, त्याच्या पोटातून जाणारा मोटार रस्ता पुन्हा पुन्हा खचायचा, शेवटी १९७९ ला कायमचा बंद केला. वेळ असेल तर कॅसलटनच्या बाजूने खाली उतरून तो बघा, डांबराचे थरावर थर, प्रत्येक दुरुस्तीचा एक, केक कापल्यासारखे उघडे पडलेत आणि मधली पांढरी रेघ अचानक तुटून माणसाच्या उंचीएवढी खाली गेलीये.

तिथून मागे फिरून लूज हिल, ४७६ मीटर. मधे बॅक टॉरचा एक खडा चढ-उतार आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. लूज हिलच्या माथ्याला वॉर्ड्स पीस पण म्हणतात. शेफील्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० साली कामगारांचा चालण्याचा क्लब काढला, आयुष्यभर या वाटांसाठी भांडले, आणि १९४५ ला लोकांनी ही जमीन घेऊन त्यांना दिली तर त्यांनी ती नॅशनल ट्रस्ट या जमिनी आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली, सगळ्यांसाठी. गर्दी मॅम टॉरपेक्षा खूप कमी असते, डबा इथे उघडा.

किंडर स्काऊट, ६३६ मीटर, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा. वर सपाट पीटचं पठार आहे, ढग उतरला की सगळीकडे सारखंच दिसतं. आम्ही एकदा तिथे ढगात मेंढ्यांच्या वाटेला लागलो, वाट छान रुळलेली होती, पण मेंढीला कुठे स्टेशनला जायचं असतं, ती वाट एका घळीत संपली. कागदी नकाशा आणि होकायंत्र होतं म्हणून दोन तासात खाली आलो. पश्चिमेचा जोराचा वारा असेल तर किंडर डाऊनफॉल या धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं, ते बघायला जा, पण ज्याला होकायंत्र वापरता येतं असा एक माणूस बरोबर पाहिजेच.

आई-बाबा आलेत, किंवा बाबागाडी आहे

मग डोंगर नको, मॉन्सल ट्रेल करा. १९६८ ला बंद पडलेल्या रेल्वे लाईनवर केलेली साडेआठ मैलांची सपाट वाट आहे, बेकवेलपासून बक्स्टनच्या बाजूपर्यंत. २०११ पासून जुने बोगदे पण खुले झालेत, आत दिवसा दिवे असतात, गारवा असतो, आईला शाल लागेल. पूर्ण करायची गरज नाही, हेडस्टोन व्हायाडक्टच्या पुलापर्यंत जाऊन खाली वाय नदी बघून परत आलं तरी दिवस सार्थकी लागतो. व्हीलचेअर, सायकल सगळं चालतं. माझे बाबा ७२ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, ते आरामात चालले आणि प्रत्येक बोगद्यात शिरताना हात लावून दगडाची बांधणी बघत होते. परतताना बेकवेलला पुडिंग खा, बेकवेल टार्ट वेगळं आणि पुडिंग वेगळं, दुकानात पुडिंग मागा.

काही झालं तर

९९९ लावायचा, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. थेट माउंटन रेस्क्यू मागितलं तर कॉल कुठे द्यायचा यात वेळ जातो. हे सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे आपली जागा दाखवणारे आकडे, सांगता आला तर फार बरं. रेंज कमी असेल तर कॉल लागत नाही पण मेसेज जातो, त्यासाठी आजच घरी बसून ९९९ ला रजिस्टर असा इंग्रजीत मेसेज पाठवा, उत्तर येईल त्याला येस म्हणा, झालं. फोनच नसेल तर शिट्टी, एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा.

आग अजिबात पेटवायची नाही, डिस्पोजेबल बार्बेक्यू तर नाहीच नाही. पीट म्हणजे हजारो वर्षं साठलेला ओला पालापाचोळा, तो वाळला की जमिनीच्या आतून जळतो, वरून विझलेला दिसतो आणि आत चालूच. २०१८ च्या जूनमधे सॅडलवर्थच्या बाजूला मूर, म्हणजे असंच पीटचं उघडं पठार, पेटलं तेव्हा सैन्य बोलवावं लागलं होतं. तंबू पण जमीनमालकाला विचारल्याशिवाय ठोकता येत नाही, गावांमधे कॅम्पसाईट आहेत तिथे राहा.

लूज हिलवरून उतरताना एक लक्षात ठेवा, होप गाव आणि होप स्टेशन एका ठिकाणी नाहीत, स्टेशन गावापासून पूर्वेला साधारण मैलभर आहे, ट्रेनच्या वेळेत ही वीस मिनिटं धरा. स्टेशनवर पोचलात की ट्रेन यायच्या आधी बुटांचा चिखल गवतावर घासून काढा आणि मोजे बदला, कोरड्या मोज्यांचा एक जोड मी नेहमी वेगळ्या पिशवीत ठेवतो. घरी गेल्यावर पोटऱ्या, गुडघ्याच्या मागची बाजू आणि मुलांच्या केसांची कड नीट बघा, गवतातून गोचीड चिकटते. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. नंतरच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावली होती हे स्वतःहून सांगा.